पिवळ्या कोंबातला स्फटिक

घटस्थापनेच्या दिवशी शेतातली माती परडीत किंवा पत्रावळीवर पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी आणि घरात असतील ती आणखी धान्ये पेरतात, मधोमध घट ठेवतात आणि रोज थोडे पाणी शिंपडतात. देवघराच्या कोपऱ्यात ऊन येत नाही. दिवा असतो, दारातून येणारा थोडा उजेड असतो, एवढेच. दसऱ्याला घट उठतो तेव्हा हाती येणारे कोंब उंच, लवचीक आणि फिकट पिवळे असतात. कोणी ते टोपीत खोचते, कोणी कानामागे. त्याच दिवशी, त्याच पोत्यातला गहू अंगणात पेरला असता तर तो एव्हाना बुटका आणि हिरवागार दिसला असता.

हा पिवळेपणा म्हणजे नेमके काय? ‘ऊन मिळाले नाही म्हणून हिरवा झाला नाही,’ हे उत्तर चूक नाही, पण त्याने फार मोठी गोष्ट झाकली जाते. त्या उत्तरातून वाटते की पिवळ्या कोंबात काहीतरी कमी आहे, काहीतरी घडायचे राहून गेले आहे. प्रत्यक्षात अंधारात वाढलेल्या पानाच्या पेशीत सजीवसृष्टीतली अतिशय नेटकी, भूमितीच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष अशी एक रचना उभी असते. पूर्ण वाढलेल्या हिरव्या पानात ती नसते. आणि उजेडाचा पहिला स्पर्श होताच ती मोडू लागते. मला तरी वनस्पतीच्या पेशीत याहून विलक्षण काही सापडलेले नाही.

आधी अंधारातल्या रोपाची स्थिती समजून घेऊ. मातीखाली रुजलेल्या बीजाजवळ मोजकी शिदोरी असते. ती संपायच्या आत उजेडात पोहोचायचे, नाहीतर खेळ संपला. म्हणून अंधारातले रोप पाने पसरण्यावर काही खर्च करत नाही. सगळी शक्ती ते उंची वाढवण्यात घालते. घेवडा, चवळी यांसारख्या द्विदलांचा कोंब मान वाकवून वर येतो, म्हणजे मातीचा रगडा वाकलेल्या मानेवर बसतो आणि आतला कोवळा शेंडा वाचतो. गव्हा-ज्वारीच्या कोंबाभोवती एक टोकदार म्यान असते. या अवस्थेत प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा उभारणे ही निव्वळ उधळपट्टी ठरेल. पण वर पोहोचल्यावर ती उभारायला दिवसचे दिवस लागले, तर तेही परवडणारे नाही. यातून वनस्पतीने काढलेली वाट लवकात दिसते.

लवके म्हणजे वनस्पतीच्या पेशीतल्या त्या छोट्या पिशव्या, ज्यांच्यापैकी हरितलवक शाळेच्या पुस्तकामुळे सर्वांना ठाऊक असते. कोवळ्या, अजून विभागणाऱ्या पेशीत ही लवके साधी असतात, आत फारसे काही नसते. उजेडात त्यांची हरितलवके होतात. आत थायलकॉइड नावाच्या चपट्या पटलांचे जाळे तयार होते, त्यांतली काही पटले एकावर एक रचली जाऊन चळती होतात, आणि या पटलांत हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, बसवले जाते. अंधारात मात्र तेच साधे लवक दुसऱ्या वाटेने जाते. त्याचे इटिओप्लास्ट होते. एखाद-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, एक गोळा त्याच्या आत तयार होतो. कधी एकाच लवकात असे दोन-तीन गोळेही असतात. त्यांच्यापासून काही सपाट, सच्छिद्र पटले बाहेर पसरलेली असतात.

१९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक जीवशास्त्रज्ञांच्या हाती आला आणि हे गोळे दिसू लागले. ऑस्ट्रेलियातल्या हॉज, मॅक्लीन आणि मर्सर या तिघांनी १९५६ मध्ये मक्याच्या पानांवरच्या कामात त्यांना प्रोलॅमेलर बॉडी हे नाव दिले. पुढे पटले यातूनच येणार, एवढे त्यांना कळले होते. पण चित्रे बुचकळ्यात टाकणारी होती. एका छेदात षटकोनांची जाळी दिसायची, दुसऱ्यात चौकटींची, तिसऱ्यात समांतर रेषा, तर चौथ्यात नुसत्या वर्तुळांच्या ओळी. एकाच वस्तूचे छेद इतके वेगळे कसे? स्फटिकशास्त्र जाणणाऱ्याला यातच उत्तराची चाहूल लागते. तिन्ही दिशांना नियमित असलेल्या वस्तूला वेगवेगळ्या कोनांतून कापले, तर प्रत्येक वेळी वेगळी पण नियमित नक्षी मिळते.

हे कोडे नीट सोडवणारा माणूस म्हणजे ब्रायन गनिंग. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत असताना १९६५ मध्ये त्यांनी अंधारात वाढवलेल्या ओटच्या पानांतल्या या गोळ्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हा गोळा म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांची त्रिमितीय जाळी आहे, असे त्यांनी दाखवले. प्रत्येक नळीचा व्यास २०-२५ नॅनोमीटरच्या घरातला. जिथे नळ्या मिळतात त्या प्रत्येक सांध्यातून चार नळ्या निघतात, आणि त्या चारही एकमेकींपासून सारख्याच कोनात दूर जातात. हिऱ्यातला कार्बनचा अणू आपल्या चार शेजाऱ्यांना नेमका याच कोनात धरून असतो, सुमारे १०९.५ अंशांच्या. म्हणजे हिऱ्यात अणू जसे बसलेले असतात, त्याच मांडणीत ओटच्या पिवळ्या पानात मेदाच्या पटलाचे सांधे बसलेले असतात. अणूपेक्षा शेकडो पटींनी मोठे, लिबलिबीत पटलाचे, तरीही रांगेत. गनिंग पुढे ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेले, तिथे वनस्पतिपेशीच्या इतर कितीतरी प्रश्नांवर त्यांनी काम केले, आणि साडेतीन दशकांनी, २००१ मध्ये, याच जाळीच्या एका सैलसर प्रकाराच्या भूमितीवर पुन्हा लिहिले. त्या प्रकारात सांध्यांमधल्या मोकळ्या जागा पंचकोनी बाजूंच्या द्वादशफलकांच्या असतात. एका विषयाची ओढ माणसाला इतकी वर्षे धरून ठेवते, यातच त्या विषयाचे सौंदर्य कळावे.

या जाळीत थोडा वेळ रेंगाळू या, कारण खरा विस्मय तिच्या भूमितीत आहे.

नळ्या म्हटल्यावर अनेक वेगवेगळे तुकडे जोडलेले असावेत असे वाटते. तसे नाही. सगळी जाळी म्हणजे एकच अखंड पटल आहे, कुठेही टोक नाही, कडा नाही. हे एक पटल लवकाच्या आतल्या जागेचे दोन भाग करते. एक भाग नळ्यांच्या आतला, दुसरा नळ्यांच्या बाहेरचा. आतल्या भागात कुठूनही निघालात तर पटल न ओलांडता आतल्या दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी पोहोचता येते. बाहेरच्या भागाचेही तसेच. पण एका भागातून दुसऱ्यात जाण्याची वाट कुठेही नाही. दोन भुलभुलैये एकमेकांत पूर्ण गुंतलेले, एकमेकांना चिकटून, आणि तरीही कायमचे वेगळे. बाहेरच्या भुलभुलैयातल्या मोकळ्या जागांत प्रथिने बनवणारे रायबोसोमही बसलेले आढळतात.

या पटलाचा कोणताही बिंदू घ्या. तिथे ते घोड्याच्या खोगिरासारखे वळलेले असते, एका दिशेला वर, तिच्या काटकोनात खाली. दोन्ही वळणे एकमेकांना जवळपास तोलतात, म्हणून त्यांची सरासरी शून्याच्या आसपास राहते. अशा पृष्ठांना गणितात किमान पृष्ठे म्हणतात. वाकवलेली तार साबणाच्या पाण्यात बुडवून काढली की तिच्यावर ताणला जाणारा पडदा हे किमान पृष्ठच असते. जर्मन गणिती हेर्मान श्वार्त्स यांनी एकोणिसाव्या शतकात अशी काही किमान पृष्ठे शोधली जी तिन्ही दिशांना अनंतापर्यंत पुन्हा पुन्हा तशीच उमटत राहतात आणि स्वतःला कुठेही छेदत नाहीत. त्यांतल्या एकाची मांडणी हिऱ्याची आहे. श्वार्त्स यांनी ते समीकरणांतून काढले. त्यांना ते एखाद्या पानात सापडेल असे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. इटिओप्लास्टमधली जाळी बहुतेक वेळा याच पृष्ठाच्या अगदी जवळ जाते.

या कुटुंबातले आणखी एक पृष्ठ, गायरॉइड, अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलन शोन यांनी नासामध्ये काम करताना शोधले आणि १९७० मध्ये प्रसिद्ध केले. ते पुढे फुलपाखरांच्या पंखांत सापडले. काही हिरव्या फुलपाखरांच्या खवल्यांत कायटिनची गायरॉइड जाळी असते. खवल्याची पेशी जिवंत असताना तिची आतली पटले अशी दुमडतात, त्यांच्या साच्यात कायटिन भरते, आणि मग पेशी मरून जाते, असे मानले जाते. उरलेल्या जाळीतून प्रकाश असा परततो की पंख हिरवा दिसतो. म्हणजे फुलपाखरात पटलांची ही घडी कायमची गोठल्यामुळे हिरवा रंग येतो आणि पानात ती उलगडल्यामुळे. दोन्हींकडे भूमितीचे कूळ एकच, आणि शेवट हिरव्यातच.

अन्न संपलेल्या एका मोठ्या अमीबाच्या तंतुकणिकांतही पटले अशीच घनाकृती मांडणी धरतात आणि खायला मिळाले की ती सोडतात. इटिओप्लास्टमधली जाळी मात्र एका नेमक्या कामासाठी उभारलेली असते.

तेलकट रेणूंचे मऊ पटल या नियमात बसते कसे? काही अंशी ते त्या रेणूंच्या आकारामुळे. लवकाच्या पटलात गॅलॅक्टोज साखर जोडलेले मेद भरपूर असतात. त्यांतला जो सर्वांत जास्त असतो, त्याचे पाण्याकडचे डोके लहान आणि तेलकट शेपट्या पसरट असतात. असे रेणू शेजारी शेजारी दाटले की सपाट थर त्यांना नैसर्गिक वाटत नाही, थर वळू पाहतो. इटिओप्लास्टच्या जाळीत सुमारे निम्मा मेद या प्रकारचा असतो. पण नुसत्या मेदाने ही जाळी उभी राहत नाही. तिला एक प्रथिन लागते, आणि त्या प्रथिनाला एक अर्धवट रंगद्रव्य. गोष्ट इथे भूमितीतून रसायनात शिरते.

क्लोरोफिलचा रेणू पेशी बऱ्याच टप्प्यांनी बनवते. अमायनो लेव्ह्युलिनिक आम्लाचे ८ रेणू जोडून चार कड्यांचे एक मोठे वर्तुळ होते, मध्ये मॅग्नेशियमचा अणू बसतो, आणखी काही फेरफार होतात. सपुष्प वनस्पतींत हे सगळे अंधारात चालू शकते, फक्त एका पायरीपर्यंत. त्या पायरीवरच्या रेणूचे नाव प्रोटोक्लोरोफिलाइड. पुढे जायला त्याच्या एका कड्यातल्या दुहेरी बंधात हायड्रोजनचे दोन अणू घालायचे असतात. एवढेच. दोन अणू. हे काम करणाऱ्या विकराला संशोधक एलपीओआर म्हणतात. आणि हे विकर प्रकाशाशिवाय हे दोन अणू घालतच नाही.

विकरे साधारणपणे उष्णतेच्या धडपडीत, रेणूंच्या टकरींत आपली कामे उरकतात. ज्यांना प्रत्येक अभिक्रियेसाठी प्रकाशकण लागतो अशी विकरे निसर्गात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. एक डीएनए दुरुस्त करणारे फोटोलायेज, एक शैवालातले मेदाम्ल तोडणारे, आणि हे. एलपीओआरच्या खोबणीत प्रोटोक्लोरोफिलाइड आणि हायड्रोजन पुरवणारा एनएडीपीएच हा रेणू, दोघेही आधीच शेजारी शेजारी बसलेले असतात. सगळी तयारी झालेली, फक्त प्रकाशकण यायचा बाकी. तो प्रोटोक्लोरोफिलाइडने शोषला की एका मायक्रोसेकंदाच्या आत पहिला हायड्रोजन आपल्या दोन इलेक्ट्रॉनांसह जागेवर जातो, त्यापाठोपाठ काही डझन मायक्रोसेकंदांत दुसरा. प्रोटोक्लोरोफिलाइडचे क्लोरोफिलाइड होते. मग त्याला २० कार्बनची लांब शेपूट जोडली की क्लोरोफिल तयार. झाडाला ऊन हे अन्न बनवण्याची ऊर्जा म्हणून लागते हे आपण शिकतो. इथे ते त्याच्याही आधी लागते, ऊन पकडणारा रेणू पुरा करायला.

प्रोटोक्लोरोफिलाइड कोणता उजेड वापरते हे कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डला, कार्नेगी इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत कोस्की, फ्रेंच आणि स्मिथ यांनी १९५१ मध्ये ठरवले. त्यासाठी त्यांनी मक्याची साधी रोपे तर घेतलीच, शिवाय अल्बिनो रोपेही घेतली. अल्बिनो का? साध्या पिवळ्या कोंबातली पिवळी रंगद्रव्ये निळा प्रकाश आधीच गिळतात, त्यामुळे निळ्याचा खरा हिशेब लागत नाही. अल्बिनो मक्यात ती नसतात, म्हणून सगळे उघडे पडते. निळ्यात ४४५ नॅनोमीटरच्या आसपास आणि तांबड्यात ६५० च्या आसपास प्रकाश सर्वाधिक कामाचा, असे त्यातून निघाले. हिरवा सर्वांत कमी. म्हणूनच या विषयावर काम करणारे लोक अंधाऱ्या खोलीत मंद हिरव्या दिव्याखाली रोपे कापतात. रोपांना तो उजेड जवळपास कळत नाही.

६५० हा आकडा बोलका आहे. मोकळ्या द्रावणात प्रोटोक्लोरोफिलाइड ६३० नॅनोमीटरच्या अलीकडे तांबडा प्रकाश शोषते. जाळीत बसले की ते पुढे सरकून ६५० वर जाते. शोषणातला हा फरक सांगतो की रेणू एकटा नाही, प्रथिनाच्या मिठीत आणि शेजाऱ्यांच्या दाटीत आहे. पान न कापता, फक्त त्याच्यावर प्रकाश टाकून आणि परतणारा रंग मोजून, आतल्या जाळीत किती रेणू ‘तयार’ अवस्थेत आहेत हे कळते.

प्रोटोक्लोरोफिलाइड हा तसा धोकादायक रेणू आहे. विकराच्या खोबणीबाहेर मोकळा असताना त्याच्यावर उजेड पडला, तर घेतलेली ऊर्जा तो ऑक्सिजनला देतो आणि ऑक्सिजन अशा उत्तेजित रूपात जातो की आसपासचे सगळे जाळत सुटतो. झुरिकमध्ये क्लाउस आपेल यांच्या गटाने २००१ मध्ये फ्लू नावाच्या जनुकाचे काम उलगडले. अराबिडॉप्सिस या प्रयोगातल्या लाडक्या रोपात हे जनुक बिघडले की अंधारात प्रोटोक्लोरोफिलाइडचे उत्पादन थांबतच नाही. रोपे अंधारात ठीक वाढतात, आणि उजेडात आणताच मरतात. गंमत म्हणजे हीच बिघडलेली रोपे सतत उजेडात ठेवली तर व्यवस्थित जगतात, कारण रेणू साठायला अंधारच मिळत नाही. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, इलिनॉय विद्यापीठातल्या कॉन्स्टंटिन रिबीझ यांनी हा धोका तणांवर उलटवून पाहिला होता. संध्याकाळी तणांवर अमायनो लेव्ह्युलिनिक आम्ल फवारायचे, रात्रभर त्यांच्या पानांत हे अर्धवट रेणू नको तितके साठू द्यायचे, आणि बाकीचे काम सकाळच्या उन्हावर सोडायचे. निरोगी रोपातली जाळी म्हणूनच मला इतकी मोलाची वाटते. ती या रेणूला नुसती साठवत नाही, त्याला आवरूनही धरते. प्रत्येक रेणू त्याच्या विकराच्या हाती, आणि विकर पटलावर जागच्या जागी.

हे विकर जाळीत इतके असते की तिथल्या प्रथिनांत सर्वांत मोठा वाटा त्याचाच. विकर कमी पडले तर जाळी बनत नाही, वाढवले तर ती मोठी होते, हे विसाव्या शतकाच्या शेवटी अराबिडॉप्सिसच्या रोपांवर दिसून आले होते. पण विकर पटलाला नेमके धरते कसे, याचे चित्र २०२१ मध्ये हाती आले. क्राकोव आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी एकत्र काम करून प्रयोगनळीत विकर, प्रोटोक्लोरोफिलाइड, एनएडीपीएच आणि लवकातला मेद मिसळला. विकराचे रेणू आपणहून सर्पिल ओळींत रचले गेले आणि त्यांनी मेदाची नळी बनवून तिला बाहेरून वेटोळे घातले. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे सर्पिल अणूंच्या पातळीवर वाचता आले. त्याच वर्षी फ्रँकफुर्टच्या मॅक्स प्लँक संस्थेत फ्लोरिस आणि क्यूलब्रांट यांनी खऱ्या इटिओप्लास्टच्या पटलांचे त्रिमितीय चित्रण केले आणि नळ्यांवर अशाच सर्पिल ओळी दाखवल्या.

यातली मला सर्वांत भिडलेली गोष्ट अशी. जाळीला आधार देणारी वस्तू आणि जाळीत साठवलेली वस्तू या दोन नाहीत. विकर, अर्धवट रंगद्रव्य आणि एनएडीपीएच हे त्रिकूट जुळलेले असते तोवरच सर्पिल टिकते आणि नळी नळी राहते. म्हणजे अंधारात हिरव्या रंगाचा जो कच्चा माल साठतो, तोच त्या इमारतीचा खांब आहे. प्रकाश पडतो, कच्चा माल पक्का होतो, आणि त्याच क्षणी खांब निखळतो. मोडण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागत नाही.

उजेड पडल्यावर पुढे काय होते, ते वेळेच्या क्रमाने पाहण्यासारखे आहे. प्रकाशाचा एक लख्ख झोत पुरेसा असतो, सेकंदाच्या छोट्या अंशात जाळीतले बहुतेक तयार रेणू क्लोरोफिलाइड होतात. त्यानंतर साधारण अर्ध्या तासात पानाच्या शोषणाचा रंग किंचित निळ्या बाजूला सरकतो. काझुओ शिबाता या जपानी संशोधकाने १९५७ मध्ये हे टिपले, म्हणून त्याला शिबाता सरकाव म्हणतात. सर्पिले सुटत आहेत आणि नवे रंगद्रव्य विकरापासून मोकळे होत आहे, याची ही बाहेरून दिसणारी खूण. त्याच सुमारास जाळीची रेखीवता बिघडू लागते. काही तासांत तिची सपाट पटले होतात, त्यांच्यात नवे क्लोरोफिल आणि ते धरणारी प्रथिने भरू लागतात, पटले एकमेकांवर चढून चळती होतात. दिवसा-दोन दिवसांत पान हिरवे.

नळ्यांची पटले होतात तरी कशी? बरीच वर्षे समज असा होता की जाळी फुटून तिचे छोटे छोटे फुगे होतात आणि मग ते ओळीने जुळून पटले बनतात. २०१६ मध्ये वॉर्सा विद्यापीठात वुत्स्या कोवालेव्स्का आणि सहकाऱ्यांनी घेवड्याच्या एका जातीत टप्प्याटप्प्याने हे बदल त्रिमितीत पाहिले. फुगे दिसले नाहीत. पटल कुठेही न तुटता, एकसंध राहूनच रूप बदलते. नळ्या शेजारच्या नळ्यांत पसरतात, भोके असलेली सपाट पटले होतात, मग भोके बुजत जातात. लक्षात घ्या, पटलाने विभागलेले ते दोन भुलभुलैये पहिल्यापासून वेगळे होते. पटल तुटत नाही म्हणून ते शेवटपर्यंत वेगळेच राहतात. आतला भुलभुलैया थायलकॉइडच्या आतली पोकळी बनतो. आणि या पोकळीत हायड्रोजनचे आयन कोंडूनच हिरवे पान ऊर्जा साठवते. अंधारातल्या जाळीने ही बंद जागा आधीच आखून ठेवलेली असते. एवढेच काय, ऊर्जा साठवणारे एटीपी सिंथेज हे यंत्रही इटिओप्लास्टच्या सपाट पटलांवर अंधारातच बसवलेले आढळते. प्रकाश पकडणाऱ्या दोन मोठ्या प्रणाली मात्र नसतात, कारण त्यांना क्लोरोफिलशिवाय उभे राहता येत नाही.

आता मूळ पिवळ्या रंगाकडे. तो या अर्धवट रंगद्रव्याचा नाही, त्याचे प्रमाण फारच थोडे असते. पिवळा रंग कॅरोटिनॉइडांचा, मुख्यतः ल्युटीन आणि व्हायोलॅझँथिन यांचा. ही रंगद्रव्येही जाळीचा भाग आहेत. अराबिडॉप्सिसच्या एका उत्परिवर्तित रोपात कॅरोटिनॉइड बनवण्याची एक पायरी अडते, आणि त्या रोपाच्या इटिओप्लास्टमध्ये जाळीच तयार होत नाही. उजेडात नेल्यावर ते हिरवे होते, पण उशिरा.

सगळ्याच वनस्पती उजेडासाठी अशा अडून बसत नाहीत. पाइनचे बी पूर्ण अंधारात रुजवले तरी रोप हिरवे येते. पाइन, शेवाळी, नेचे, शैवाले आणि नील-हरित जिवाणू यांच्याजवळ दुसरे, फार प्राचीन विकर आहे, जे त्याच दुहेरी बंधात तेच दोन हायड्रोजन प्रकाशाशिवाय घालते. हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या जिवाणूंच्या विकराचे ते जवळचे नातलग, आणि त्याच्यासारखेच ऑक्सिजनपुढे नाजूक. सपुष्प वनस्पतींनी आपल्या उत्क्रांतीत त्याची जनुके गमावली. गहू, आंबा, वड, कमळ, सगळ्यांनीच. तेव्हापासून त्यांचा हिरवेपणा पूर्णपणे उजेडाच्या हाती आहे.

हे सगळे प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या कपाटातच घडते असा समज बरीच वर्षे होता. बुडापेस्टच्या एटव्हश लोरांड विद्यापीठातले बेला बोडी आणि कातालिन शोयमोशी यांनी तो खोडून काढला. हॉर्स चेस्टनट या झाडाच्या बंद कळ्यांत, जाड शल्कांच्या आड वाढणाऱ्या कोवळ्या पानांत, त्यांना ही जाळी सापडली. कोबीच्या गड्ड्यात आतल्या पांढुरक्या पानांत इटिओप्लास्ट सापडले. सूर्यफुलाच्या टरफलात अडकून राहिलेल्या दलांतही. मोड आलेल्या मटकीची पांढरी शेपटी मात्र या यादीत घालू नये, तो प्रामुख्याने मुळाकडचा भाग आहे. बांधावर विटेखाली दबलेले गवत पिवळे पडते तिथे जुन्या हिरव्या पानांचे आधीचे क्लोरोफिल विरत गेलेले असते. विटेखाली नव्याने फुटलेल्या पात्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात ही जाळी खुशाल शोधावी.

आणि मग रात्र. शेतात, उघड्यावर, उन्हात हिरव्या होऊ लागलेल्या अगदी कोवळ्या पानातही सूर्य मावळल्यावर प्रोटोक्लोरोफिलाइड पुन्हा साठू लागते. ज्या लवकांची पटले अजून घडत आहेत, त्यांच्यात थायलकॉइडांच्या मधेच या जाळीचे छोटे तुकडे परत उभे राहतात. अशा लवकाला इटिओ-क्लोरोप्लास्ट म्हणतात, अर्धे अंधाराचे, अर्धे उजेडाचे. सकाळी पहिल्या किरणांत हे तुकडे विरघळून पटलांत मिसळतात. पान पुरते जाणते होईपर्यंत हे घडणे-मोडणे रात्रीमागून रात्री चालू राहते.